आधी दिवा, मग बटण

ऑफिसात रिसेप्शनच्या टेबलावर जो फोन असतो, त्यावर तीस-पस्तीस बटणं सहज भरतात. त्यांतली आकड्यांची सगळ्यांना ठाऊक, रीडायल आणि स्पीकर बहुतेकांना. उरलेल्यांच्या वाटेला कुणी जात नाही. भलतंच काही दाबलं आणि साहेबांचा चालू फोन कट झाला तर, ही धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार नसते. पण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ही बटणं दाबण्यासाठी आहेत, असं आपण धरून चालतो. खरं तर ती आधी पाहायची असतात. ऑफिसच्या फोनवरच्या चांगल्या बटणाला कोपऱ्यात दिवा असतो, आणि बटणाला बोट लावण्याआधी त्या दिव्याने सांगायचं ते सांगून टाकलेलं असतं.

घरच्या फोनला याची गरज नव्हती. लाइन एक, बोलणारं माणूस एक. ऑफिसात मात्र तीन लाइनींवर दहाजण, आठ लाइनींवर चोवीसजण, असा हिशेब असतो. चाळीतल्या सामाईक नळावर जाण्याआधी गॅलरीतून रांग बघून घ्यावी, तसं रिसिव्हर उचलण्याआधी लाइन मोकळी आहे का हे कळायला हवं. त्यासाठी दिवा.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बेल कंपनीच्या व्यवस्थेत १९३८ साली ‘१ए’ नावाची पद्धत आली. तोवर एका टेबलावर तीन लाइनी हव्या असतील तर तीन फोन मांडायचे, नाहीतर लाइन बदलायला खटक्यांची वेगळी पेटी लावायची, असा मामला होता. १ए आणि साठच्या दशकातली तिची सुधारित बहीण १ए२ यांनी हे सगळं एका फोनात आणलं. फोनच्या खालच्या कडेला सहा बटणांची ओळ. डावीकडचं पहिलं लाल, ते होल्डचं. उरलेली पाच लाइनींची. ही पाच पारदर्शक असत आणि त्यांच्याखाली खराखुरा छोटा बल्ब असे. प्रत्येक लाइनीसाठी सहा तारा लागत: दोन बोलण्याच्या, दोन नियंत्रणाच्या, दोन दिव्याच्या. म्हणून त्या काळच्या फोनच्या मागून पन्नास तारांची, मनगटाएवढी नसली तरी अंगठ्याहून जाड अशी केबल निघे. लुकलुकण्याची लयसुद्धा इलेक्ट्रॉनिक नव्हती. कुठल्यातरी कपाटात एक छोटी मोटर फिरत राहायची आणि तिच्यावरच्या चकत्या दिव्यांचा प्रवाह जोडत-तोडत बसायच्या.

त्या फोनवर दिव्याची भाषा अशी होती. विझलेला म्हणजे लाइन मोकळी. स्थिर पेटलेला म्हणजे कुणीतरी बोलतंय. सावकाश लुकलुकणारा म्हणजे फोन येतोय. भरभर लुकलुकणारा म्हणजे कुणाला तरी होल्डवर ठेवलंय. पुढच्या कंपन्यांनी यात आपापले बदल केले. पॅनासॉनिकने तर वेग नेमका उलटा ठेवला: येणाऱ्या फोनला भरभर, होल्डला सावकाश. त्यामुळे एका ऑफिसातून दुसरीकडे गेलेल्या ऑपरेटरचे पहिले काही दिवस गोंधळात जातात. पण एक गोष्ट जवळजवळ सगळ्याच कंपन्यांमध्ये कायम राहिली, आणि या प्रकरणातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे: स्थिर दिवा म्हणजे काम चालू आहे, लुकलुकणारा दिवा म्हणजे कुणीतरी ताटकळत आहे. ते माणूस दाराशी आहे की आत बसवून ठेवलंय, हे वेगावरून आणि रंगावरून कळतं. पण ते थांबलंय, हे नक्की.

(होल्डवर वाजणारं संगीत हा या सगळ्याचा उपद्रवी नातेवाईक. अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या इमारतीत एक सुटी तार लोखंडी तुळईला टेकली, शेजारच्या रेडिओ केंद्राचं प्रसारण टेलिफोनच्या लाइनीत शिरलं, आणि होल्डवरच्या लोकांना गाणी ऐकू यायला लागली. त्याने १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६६ साली ते मिळवलं. तेव्हापासून जगाची सुटका नाही.)

आपल्याकडे ही यंत्रणा रुजली त्यामागे एक देशी कारण होतं. टेलिफोनची लाइन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मिळालेल्या दोन-तीन लाइनी सगळ्या ऑफिसाने वाटून घेणं हा शहाणपणा नव्हता, नाइलाज होता. आतल्या आत बोलायला इंटरकॉम आणि बाहेर बोलायला मोजक्या लाइनी, ही सोय करणाऱ्या पेटीला आपण ईपीएबीएक्स म्हणायला लागलो. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने सुरुवातीच्या काळात जे बनवलं त्यात मोठ्या ऑफिसांसाठीचं १२८ पोर्टचं एक्स्चेंजही होतं. लहान ऑफिसांत, दवाखान्यांत, लॉजमध्ये, सीएंच्या केबिनबाहेर पुढे पॅनासॉनिकच्या पेट्या भरपूर दिसू लागल्या. त्यांतली केएक्स-टीईएस८२४ ही मूळ ३ लाइनी आणि ८ एक्स्टेन्शनची, कार्डं वाढवली की ८ लाइनी आणि २४ एक्स्टेन्शनपर्यंत जाणारी. तिच्या जोडीला रिसेप्शनवर केएक्स-टी७७३० हा फोन असतो. उदाहरणासाठी तोच घेऊ, कारण तो बऱ्याच वाचकांनी पाहिलेला असेल, निदान त्याच्यापलीकडच्या माणसाने ‘एक मिनिट हं’ म्हणताना तरी.

या फोनला मागे चार तारा येतात. दोन तारांवरून आवाज जातो, तसा तो साध्या फोनवरूनही जातो. उरलेल्या दोन तारांवरून एक्स्चेंज, म्हणजे ती पेटी, आणि फोन यांची आपापसात चाललेली बोलणी जातात: तिसऱ्या लाइनीचा दिवा लाव, डिस्प्लेवर अमुक लिही, आत्ता पाचवं बटण दाबलं गेलं. बाजारातला दोन तारांचा साधा फोन त्याच सॉकेटला लावला तर बोलणं होतं, पण दिवे लागत नाहीत, कारण सांगणारी वाटच नसते. ‘रिसेप्शनचा फोन बिघडला, तात्पुरता दुसरा लावलाय’ असं झालं की ऑपरेटरबाई वैतागतात, त्याचं कारण हे. त्यांचे कान शाबूत असतात, डोळे काढून घेतलेले असतात.

आता बटणांकडे येऊ. या फोनवर उभ्या-आडव्या मांडणीत बारा अशी बटणं आहेत ज्यांचं काम कारखान्यात कायमचं ठरलेलं नाही. एखादं बाहेरच्या लाइनीला बांधता येतं, एखाद्यात सहकाऱ्याचं एक्स्टेन्शन भरता येतं, एखाद्यात कुरिअरवाल्याचा नंबर. लाइनीला बांधलेलं बटण हिरवं लागलं तर ती लाइन तुम्ही स्वतः वापरताय. लाल लागलं तर दुसरं कुणीतरी. हिरवं सावकाश लुकलुकलं तर होल्ड तुम्ही केलेला, लाल सावकाश लुकलुकलं तर दुसऱ्याने. लाल भरभर लुकलुकलं तर फोन वाजतोय, घ्या. एवढ्या भांडवलावर रिसेप्शनिस्ट आठ लाइनी सांभाळते. ज्या जागी जास्त एक्स्टेन्शन आहेत तिथे शेजारी आणखी एक पाटी ठेवतात, केएक्स-टी७७४०. तिच्यावर एक्स्टेन्शनसाठी ३२ बटणं असतात. कोण जागेवर बोलतंय आणि कोण मोकळं आहे, हे ऑफिसभर न फिरता तिच्यावरून कळतं.

इथे बहुतेकांची गफलत होते ती अशी. एखाद्या बटणात सहकाऱ्याचा नंबर भरण्याचे दोन प्रकार आहेत आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात बटण म्हणजे नुसती आकड्यांची चिठ्ठी. दाबलं की ते आकडे तुमच्या वतीने दाबले जातात, बस. दुसऱ्या प्रकारात ते बटण एक्स्चेंजमधल्या त्या एक्स्टेन्शनशी बांधलेलं असतं. मग त्याचा दिवा जिवंत होतो: देशपांडे बोलतायत तर लाल, मोकळे आहेत तर विझलेला. दाबल्यावर दोन्ही बटणं देशपांड्यांनाच फोन लावतात, त्यामुळे फरक कळत नाही. कळतो तो बाहेरचा फोन त्यांच्याकडे द्यायच्या वेळी. पहिल्या प्रकारात तुम्ही फोन पाठवता आणि तो एंगेज लागून बूमरँगसारखा परत येतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही दिवा बघूनच म्हणता, “साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत, थांबता का?” ज्या ऑफिसात टेलिफोनवर माणसं फार ताटकळतात, तिथे बघावं, बटणं पहिल्या प्रकारची भरलेली निघण्याची शक्यता बरीच.

भरण्याची कृती अवघड नाही. रिसिव्हर खाली ठेवलेला असताना ‘प्रोग्रॅम’ बटण दाबून त्या अवस्थेत जायचं, हवं ते बटण निवडायचं, प्रकार आणि आकडे भरायचे आणि ‘स्टोअर’ करायचं. नेमके आकडे पुस्तिकेत असतात, आणि पुस्तिका इंटरनेटवर मिळते. मात्र बाहेरचा नंबर भरताना एक बारकावा आहे. बाहेरची लाइन घ्यायला ० किंवा ९ दाबावा लागतो, आणि ती लाइन येऊन टोन मिळायला क्षणभर लागतो. बोटाने नंबर लावताना तो क्षण आपोआप जातो, कारण आपण टोन ऐकून पुढचा आकडा दाबतो. बटणाला कान नाहीत. ते सगळे आकडे एका दमात ओततं आणि पहिले एक-दोन हवेत विरतात. मग ‘या बटणावरून राँग नंबर लागतो’ अशी तक्रार येते. त्यासाठी फोनवर ‘पॉज’ नावाचं बटण आहे. बाहेरच्या लाइनीचा आकडा, मग पॉज, मग नंबर, या क्रमाने भरायचं. पॉजचा एरवी फारसा उपयोग पडत नाही, म्हणूनच ते कुणाला ठाऊक नसतं.

आकड्यांच्या बटणांविषयी थोडक्यात. दाबल्यावर ऐकू येणारा सूर हा एक नसून दोन असतात, आडव्या ओळीचा एक आणि उभ्या रांगेचा एक. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकत्र वाजतात. ही पद्धत बेलने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या दोन गावांत ग्राहकांसाठी सुरू केली. तेव्हा बटणं दहाच होती. स्टार आणि हॅश १९६८ मध्ये आले, आणि एक्स्चेंजच्या सगळ्या छुप्या सोयी त्या दोघांच्या आसऱ्याला राहायला गेल्या. तुमच्या फोनवर मोकळं बटण शिल्लक असेल, आणि रोज तुम्ही स्टारने सुरू होणारा एखादा कोड बोटाने दाबत असाल, तर तो कोड त्या बटणात भरून टाका. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलण्याचा कोड तर नक्कीच. एवढी उपयोगी आणि एवढी दुर्लक्षित सोय दुसरी नाही.

आता डिस्प्ले. केएक्स-टी७७३० वर तो एका ओळीचा आणि सोळा अक्षरांचा आहे. स्वस्थ असताना तारीख आणि वेळ, वाजताना कोण, बोलताना किती वेळ झाला. वेळ चुकीची असेल तर ती फोनमध्ये नाही, एक्स्चेंजमध्ये चुकलेली आहे. ती सगळ्यांच्याच फोनवर चुकीची दिसत असणार, म्हणून ती आपल्या फोनवर दुरुस्त करायला जाऊ नये. बाहेरून येणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर फोन खराब आहे असं समजू नका. या एक्स्चेंजमध्ये त्यासाठी वेगळं कार्ड बसवावं लागतं, आणि पैसे वाचवताना नेमकं तेच वगळलेलं असू शकतं. शिवाय टेलिफोन कंपनीकडून लाइनीवर ती सोय चालू असावी लागते. आणि नंबर दिसला म्हणून तो खरा मानू नये. पलीकडची यंत्रणा जो नंबर पाठवते तो डिस्प्ले इमानदारीने दाखवतो, तो खरा आहे का हे तपासत नाही. बँकेचा नंबर दिसला म्हणून खात्याची माहिती सांगून टाकणारे लोक डिस्प्लेवर नको तितका विश्वास टाकतात.

आतल्या माणसाचं नाव मात्र एक्स्चेंजमधल्या तक्त्यातून येतं, आणि इथे एक गंमत आहे. या जातीच्या एक्स्चेंजमध्ये एक्स्टेन्शन नंबर माणसाचा नसतो, भिंतीतल्या सॉकेटचा असतो. कुलकर्णी खिडकीजवळून दाराजवळ बसायला गेले आणि जाताना आपला फोनही उचलून घेऊन गेले, तरी दाराजवळच्या सॉकेटचंच नाव दिसत राहतं. मग दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बाईंच्या नावाने कुलकर्णी सगळ्यांना फोन करत असतात. हे फोन बदलून सुटत नाही. तक्ता बदलावा लागतो.

सोळा अक्षरांच्या त्या पट्टीवर मराठी का दिसत नाही, हाही प्रश्न रास्त आहे. अशा पट्टीवर प्रत्येक अक्षराला साधारण ५ आडवे आणि ७ किंवा ८ उभे ठिपके एवढीच जागा असते. रोमन कॅपिटल अक्षर तेवढ्यात उभं राहतं. देवनागरीला वर शिरोरेषा, तिच्याही वर वेलांटी किंवा मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षर आलं की बाजूलाही जागा लागते. दोन अक्षरांमधल्या फटीमुळे शिरोरेषा तुटते ती वेगळीच. रंगीत पडद्यांच्या नव्या फोनांत ठिपक्यांची टंचाई संपली, प्रश्न आता फक्त कंपनीने देवनागरीचा फॉण्ट घातलाय की नाही एवढाच. पण जागेची काटकसर करण्याची सवय इंग्रजीलाही चुकली नाही. सिस्कोच्या जगभर खपलेल्या फोनांवर ट्रान्स्फर या शब्दातलं एक अक्षर गाळून तो पडद्याखालच्या बटणाचं नाव म्हणून पडद्यावर बसवलेला होता. लाखो लोकांनी तो तसाच वाचला.

पडद्याखालची ही बटणं म्हणजे आणखी वेगळी जात. त्यांच्यावर काहीच छापलेलं नसतं, नाव वर पडद्यावर येतं आणि प्रसंगानुसार बदलतं. फोन स्वस्थ असताना ज्याच्यावर रीडायल लिहिलेलं असतं, त्याच बटणावर बोलताना होल्ड येतं. म्हणून ‘डावीकडून दुसरं दाब’ असं फोनवरून कुणाला शिकवू नये. आधी पडद्यावर काय दिसतंय ते विचारावं. या जातीत मला एकच खोट दिसते: आंधळेपणाने, सवयीच्या जोरावर दाबता येत नाहीत. जुन्या ऑपरेटर मान वर न करता फोन द्यायच्या, ते कौशल्य इथे निरुपयोगी आहे.

नवे फोन इंटरनेटच्या केबलवर चालतात. वीजही त्याच केबलमधून येते, त्यामुळे पडदा काळा झाला तर आधी केबल आणि स्विच बघावा. इथे वेगळ्या दोन तारा नाहीत, सगळी बोलणी संदेशांच्या रूपात होतात. २००२ साली पक्क्या झालेल्या सिप नावाच्या नियमावलीनुसार तुमचा फोन सर्व्हरला कळवतो, ‘देशपांड्यांची हालहवाल मला कळवत राहा.’ सर्व्हर नोंद करतो आणि देशपांड्यांचा फोन वाजला, उचलला, ठेवला की प्रत्येक वेळी निरोप धाडतो. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि फोन ती मुकाट्याने पुन्हा पुन्हा करत राहतो. मध्येच नेटवर्क तुटलं आणि ‘ठेवला’ हा निरोप हरवला, तर देशपांडे घरी गेले तरी तुमच्याकडे त्यांचा दिवा लालच. म्हणजे या पिढीत दिवा शिळाही असू शकतो, जे जुन्या बल्बच्या काळात सहसा शक्य नव्हतं.

रंगांच्या बाबतीत कंपन्यांनी एकमेकींना विचारलेलं दिसत नाही. येलिंकच्या फोनवर सहकाऱ्याच्या बटणाचा हिरवा म्हणजे तो मोकळा आहे. सिस्कोच्या लाइनीवर स्थिर हिरवा म्हणजे तुम्हीच बोलताय, आणि येणारा फोन पिवळसर लुकलुकतो. त्यामुळे नव्या ऑफिसात रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी रंगांचा अर्थ विचारून घेण्यात कमीपणा नाही. दुसरं असं की या फोनांची बटणं दोन ठिकाणांहून भरता येतात, फोनवरून किंवा सर्व्हरवरून, आणि वाद झाला तर बहुधा सर्व्हर जिंकतो. सोमवारी तुम्ही हौसेने भरलेलं बटण मंगळवारी गायब झालं, तर रात्री फोन पुन्हा सुरू होऊन त्याने सर्व्हरवरची जुनी मांडणी उतरवून घेतली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी पुन्हा भरण्याऐवजी आयटीवाल्यांना सांगून सर्व्हरवरच बदलून घ्यावं.

दोन दिव्यांबद्दल सावध करून ठेवतो. ‘मला दिवसभर कुणाचाच फोन येत नाही’ असं वाटायला लागलं, तर आपल्याला कुणी विचारत नाही या निष्कर्षाला येण्याआधी फॉरवर्ड आणि डू नॉट डिस्टर्ब यांच्या बटणाकडे बघा. तिथे दिवा असेल, तर फोन दुसरीकडे जातायत किंवा तुम्हीच दार लावून घेतलंय. दुसरा दिवा ऑटो आन्सरचा. केएक्स-टी७७३० वर म्यूट आणि ऑटो आन्सर एकाच बटणात आहेत. बोलता बोलता दाबलं तर तुमचा आवाज पलीकडे जाणं थांबतं. पण फोन स्वस्थ असताना दाबलं, तर इंटरकॉमवरून येणारा पुढचा फोन तुम्ही न उचलताच स्पीकरवर उघडतो आणि खोलीतलं बोलणं पलीकडच्याला ऐकू जातं. इशाऱ्याचा सूर वाजतो, पण गप्पांच्या भरात त्याच्याकडे कोण लक्ष देतो? पगारवाढीची चर्चा करण्याआधी तो दिवा बघून घ्यावा.

शेवटी एक बटण भरायचं राहिलं, आणि ते थट्टेचं नाही. २०१३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ लावायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. फोन लागलाच नाही, कारण बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. आई वाचली नाही. २०१८ साली त्या आईच्या नावाने कायदा झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून अमेरिकेत बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रणेत ९११ थेट लागणं बंधनकारक झालं. आपला आकडा ११२. तुमच्या ऑफिसातल्या, सोसायटीतल्या किंवा दवाखान्यातल्या फोनवरून तो आधी ० न लावता लागतो का, हे ज्यांनी एक्स्चेंज बसवलं त्यांना आजच विचारा आणि तशी सोय करून घ्या. तोवर एका मोकळ्या बटणात बाहेरच्या लाइनीचा आकडा, पॉज आणि ११२ भरून ठेवा, आणि त्याच्या खाचेत लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी सरकवा.